घर खाली करायची नोटीस आली तेव्हा… (तुमचे अनुभव)

दिवाळीच्या साफसफाईत बाबांची पत्र्याची पेटी उघडली. लाईट बिलं, माझी चौथीची गुणपत्रिका, अन् तळाशी रजिस्टर एडीचं पिवळं पाकीट. १९९४ चं. दर्यापूरकडे भाड्याच्या खोलीत आमचा किराणा होता. मालकाची अट एकच, चक्की लावायची नाही. बाबांनी लावली. मालकाच्या देवघराची भिंत तडकली. नोटीस आईनं सही करून घेतली अन् तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली. चार दिवस चूप. पाचव्या दिवशी डाळ मोजायला बाबाच गेले.
तुमच्याकडे कोणाला आली होती? लिहा.

वऱ्हाडी ठेचा: मंग चक्कीचं काय झालं? अर्धवट सोडू नका बाप्पा.

मोर्शीची सून: आम्ही मालकाच्या बाजूचे 😄 मास्तर म्हणून खोली दिली, तर त्यानं तीन पोरं पोटभाड्यानं ठेवली. आम्हाला द्यायचा त्याहून जास्त त्यांच्याकडून घ्यायचा! सासरे नोटीस लिहून आणत होते, इकडे सासूबाई त्याच पोरांना झुणका-भाकर देत होत्या. कुकर झाला, येते.

जुना कारकून: करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही. भाडं थकलं असेल तर लेखी नोटिशीनंतर ९० दिवस दावा लावता येत नाही. हा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याआधी विदर्भात सी.पी. अँड बेरारचा (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश. तो लागू होता तिथं आधी रेंट कंट्रोलरची (भाडं नियंत्रण अधिकाऱ्याची) परवानगी, मग नोटीस. पाकिटात परवानगीचा उल्लेख आहे का, पहा.

संत्र्याचा बगीचा: आमच्याकडं कागदच नाही राजेहो. वावर मक्त्यानं दिलं, अट एवढीच की धुऱ्यावरचा निंब तोडायचा नाही. त्यानं तोडला. बापानं पारावर चारचौघांत एकच विचारलं, "सावली कितीले इकली?" पुढच्या हंगामात तो आलाच नाही.

वऱ्हाडी ठेचा: 🙏 कापूस काय भाव चालू हाय तिकडं?

संत्र्याचा बगीचा: वला असन तर इचारूच नको.

रूमवरची: आमची अट, मटण-मासळी नको. मैत्रिणीनं सुकट भाजली. मालकीणबाई दारात उभ्या, "महिना संपला की खोली खाली कर." वाटीभर मात्र घेऊन गेल्या.

मोर्शीची सून: 😂😂 त्या पोरांपैकी एक अजून दिवाळीला येतो. सासरे नोटीस दाखवतात त्याला.

धागाकर्ती: @कारकूनकाका, परवानगीचं काहीच लिहिलेलं नाही! @ठेचा, चक्की विकली, मालकाच्याच पुतण्याला. त्यानं बाजूच्याच खोलीत लावली. पट्टा बाबांनी ठेवून घेतला, गोठ्याच्या फाटकाला बिजागरी म्हणून अजून आहे.

वऱ्हाडी ठेचा: देवघराची दुसरी भिंत?

धागाकर्ती: तडकली ना.