समुद्र न पाहिलेल्या आठ वर्षांच्या मुलीसह ग्रेट ओशन रोड : किती दिवस ठेवावेत?

इंदूरकर आई

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघे मेलबर्नला माझ्या दिरांकडे जाणार आहोत आणि तिथून गाडीने ग्रेट ओशन रोडला जाण्याचा बेत आहे. टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंतचा हा किनाऱ्याचा रस्ता 243 किलोमीटरचा, म्हणजे इंदूर-भोपाळपेक्षा थोडाच अधिक असल्यामुळे एका दिवसात सहज जाऊन येऊ, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. मला काळजी आहे ती लेकीची. महेश्वरच्या घाटावरून दिसणारी नर्मदा हेच तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी, समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही असे सांगितल्यावर तिने विचारले, "मग नावाडी माणसांना कुठे उतरवतो?" शिवाय ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात तिला हमखास गाडी लागते. या प्रवासाची वही ती मराठीत लिहिणार आहे, त्यामुळे तिला घाईघाईने फिरवून आणावे असे मला वाटत नाही. किती दिवस ठेवावेत? आणि त्या किनाऱ्याशी बुडालेल्या लॉक आर्ड जहाजाची हकिकत इतक्या लहान मुलीला सांगावी का?

रामबागेतली आजी

एका दिवसात हा प्रवास मुळीच करू नये. मी मुलगा, सून आणि सात वर्षांच्या नातवाबरोबर गेले होते. आम्ही एक रात्र अपोलो बे येथे आणि एक पोर्ट कॅम्पबेलला राहिलो, तेव्हा कुठे मुलाला श्वास घेता आला. लॉर्न ते अपोलो बे हा टप्पा कड्याला बिलगून वळणे घेत जातो, म्हणून तिथे गाडीत वही-पुस्तक उघडू देऊ नये, आल्याची वडी हाताशी ठेवावी आणि वरचेवर थांबावे. याच टप्प्यात केनेट रिव्हर लागते. तिथल्या निलगिरीच्या झाडांवर कोआला असतात. कोआला दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, आणि नातवाला तर तो कूस बदलताना पाहायचा होता, म्हणून आम्ही तासभर माना वर करून उभे राहिलो. घरी परतल्यावर त्याने सर्वांना आधी सांगितले ते हेच.

ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीपाशीही अवश्य उतरावे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्यांनी हा रस्ता खणला आणि आपल्या मृत सोबत्यांचे स्मारक म्हणून तो बांधला. महूचे सैनिक पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट चटकन उमगते.

जहाजाची हकिकत जरूर सांगावी, पण तिथल्या वाळूवर बसून. 1878 मध्ये जहाजावरच्या 54 जणांपैकी टॉम आणि इव्हा हे दोघेच वाचले, दोघेही ऐन तारुण्यातले. नातवाने विचारले, "तिची आई कुठे होती?" आई, वडील आणि भावंडे बुडाली, हे मी त्याला खरे तेच सांगितले. पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्याने माझा पदर सोडला नाही; रात्री मात्र टॉमने तिला पाण्यातून कसे ओढून आणले, ते आम्हालाच पुन्हा रंगवून सांगितले.

बडोद्याचा काका

आजींशी मी पूर्ण सहमत आहे. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात, आणि मेलबर्नहून निघाल्यास समुद्र डावीकडे, आपल्याच बाजूला राहतो. मुलीला डाव्या खिडकीपाशी बसवावे. आमच्या बडोद्याच्या मुलांना समुद्र ठाऊक असतो तो खंभातच्या आखाताचा, मातकट पाण्याचा. टॉर्कीला निळे पाणी पाहून माझी मुलगी म्हणाली, "हा समुद्र नाही, कोणीतरी रंग कालवलाय."

डिसेंबरात तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणून 'बारा प्रेषित' (ट्वेल्व्ह अपॉसल्स) या समुद्रात उभ्या खडकांच्या खांबांपाशी सूर्यास्त पाहायचा असल्यास मुलीला आधीच जेवू घालावे. शेव किंवा इतर कोणताही खाऊ नेलात तर विमानतळावरच्या फॉर्मात त्याची नोंद करावी.

एक विनंती आहे. नाव बारा असले तरी तिथे चुनखडीचे खांब नऊच होते आणि 2005 च्या जुलैमध्ये त्यांतला एक कोसळला. हे तिला आधी सांगू नका. माझ्या मुलीने तीनदा मोजले, रडवेली झाली, आणि मग लाटांनी पायथा वर्षाला सुमारे 2 सेंटीमीटर झिजतो हे कळल्यावर खिशातले खोडरबर काढून म्हणाली, "म्हणजे एवढा?" ते खोडरबर तिने अजून वापरलेले नाही.

इंदूरकर आई

आजी, काका, मनापासून आभार. दोन रात्रींचा मुक्काम घरात मान्य झाला आहे. लेकीने आजच नव्या वहीचे एक पान आखून त्यावर बारा चौकोन काढले आणि प्रत्येकात एकेक खांब चितारणार असल्याचे सांगितले. मी काही बोलले नाही.