परसातल्या कोंबड्यांसाठी मुद्दाम घास लावावा का?

परसातली : माझं मत सरळ आहे, लावावा. अंगणात गावरान आणि थोड्या वनराजा या सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत. मोकळ्या सोडल्या की पहिलं काम उकरायचं; हिरवं मुळासकट जातं. म्हणून वाफ्यात लसूणघास पेरला आणि वर वीतभर उंचीची लाकडी चौकट ठेवून जाळी ठोकली. कोंबड्या जाळीवर उभ्या राहून वर आलेले शेंडे तेवढे खुडतात, मुळं शाबूत राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, पन्नासेक दिवस हात लावू नका, मग तो तीन-चार वर्षं फुटत राहतो. बलक असा केशरी येतो की शेजारचे विचारतात.

पोत्याचा हिशोब : ताई, कोंबडी म्हणजे गाय नव्हे, ती रवंथ करत नाही. हिरव्या घासात पाऊण हिस्स्याहून जास्त पाणी, उरलेल्यात तंतू बराच, आणि तो तिला फारसा पचत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं, त्यात 16-18 टक्के प्रथिनं हवीत. गवताने पोट भरलं की ती दाणा कमी खाते आणि अंडी घटतात. केशरी बलकाचं कौतुक तर पुरे झालं. पिवळ्या मक्याने, झेंडूच्या पाकळ्यांनीही रंग येतो. रंग आला म्हणजे अंडं पौष्टिक झालं असं नाही.

खाडीकाठ : आमच्याकडे जूनपासून गवत नको म्हटलं तरी उगवतं, पेरायचं कसलं? खरी भीती मुंगसाची आणि ओल्या जमिनीची. रोज त्याच तुकड्यावर सोडलं की जंत आणि रक्ती हगवण ठरलेली. तुमची ती चौकट कायम एकाच जागी असेल तर जाळीवरून विष्ठा त्याच घासावर पडते, याचा विचार केलात का?

लातूरकर : आणि उन्हाळ्यात घासाला पाणी कुठून आणायचं? इथे माणसांना टँकर. बांधावर दोन शेवगे छाटून ठेवलेत, पाला जुडी करून टांगतो. उंचावर टांगला की उड्या मारत खातात, चिखलात तुडवत नाहीत. सुबाभूळ मात्र नको. त्यातलं मिमोसिन कोंबड्यांना बाधतं.

परसातली : खाडीकाठ, मुद्दा रास्त. चौकटी दोन आहेत, एकीवर सोडते तेव्हा दुसरी झाकते. आणि हिशोबवाले, दाणा बंद करा असं मी म्हटलंच नाही! दुपारी डांबून ठेवल्यावर एकमेकींची पिसं ओढायच्या, ते थांबलं. हे तुमच्या वहीत कुठे मांडणार?

पोत्याचा हिशोब : तेवढं मान्य, रिकामटेकडी कोंबडी चोच चालवणारच. मग तोंडीलावणं म्हणा, खाद्य म्हणू नका. ट्रेमध्ये मका उगवून "अर्धं पोतं वाचवा" सांगणारे व्हिडिओ बघून लोक फसतात. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो खरा, पण वाढलेलं वजन पाण्याचं. त्यात बुरशी धरली तर निस्तरत बसा. आणि गवत कापून घालणार असाल तर बोटाच्या पेराएवढं बारीक करा. लांब पाती गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन अडकतात.

लातूरकर : जाळी किती गाळ्याची घेतली ताई?

परसातली : अर्धा इंची, वेल्डची. मोठ्या गाळ्यात पाय अडकतो, आणि साधी कोंबडजाळी वजनाने झोळीसारखी खाली बसते.