पाणी २४ तास ठेवूनही मासे वर येतात, अँटिक्लोरीन किती टाकायचं?

नवीटाकी: टाकी १०० लिटरची, चार गोल्डफिश, स्पंज फिल्टर. दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदलतो. नळाचं पाणी आदल्या दिवशीच झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवतो. तरी पाणी बदललं की अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कल्ले भराभर हलतात. २४ तासांत क्लोरीन जात नाही का? अँटिक्लोरीनचे सुटे खडे आणलेत, पण पाकिटावर प्रमाणच नाही.

थेंबथेंब: झाकण लावलंत तर क्लोरीन जाणार कुठून? तो पाण्याच्या पृष्ठभागातून उडतो. पसरट टब, एअर स्टोन आणि उघडं तोंड असेल तर एका दिवसात बहुतेक जातो. पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर आठवडाभर ठेवूनही भरवसा नाही. आधी तेच तपासा. डीपीडी किटमध्ये (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या गोळ्यांचं किट) १ नंबरची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते आणि तिच्यावर ३ नंबरची टाकली की एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे क्लोरामाइन. पहिलं रीडिंग मिनिटाभरात घ्या, नंतर गुलाबी रंग आपोआप चढत जातो. पिवळा रंग देणाऱ्या थेंबांच्या किटवर हा फरक नीट कळत नाही.

नवीटाकी: ड्रमचं पाणी तपासलं. १ नंबरला रंगच नाही, ३ नंबरला १.५ मिलीग्रॅम प्रति लिटर.

थेंबथेंब: मग क्लोरामाइनच. ड्रममध्ये आणखी दोन दिवस ठेवूनही फरक पडणार नाही.

हायपोवाला: खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १ मिलीग्रॅम क्लोरीनला ७ मिलीग्रॅम खडे धरा, म्हणजे कमी पडत नाही. ३० × १.५ × ७ = ३१५ मिलीग्रॅम. एवढं चिमटीत मोजता येत नाही, म्हणून द्रावण करा: १० ग्रॅम खडे विरघळवून एकूण १०० मिली करायचं. १ मिलीत १०० मिलीग्रॅम येतात. तुम्हाला ३० लिटरला ३.२ मिली लागेल, सिरिंजने ४ मिली घाला. थोडं जास्त झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर कल्ले भाजतात. द्रावण गडद बाटलीत ठेवा. गढूळ झालं की फेका, त्यात गंधक सुटायला लागलेलं असतं.

औषध ड्रममध्येच घाला, ढवळा, मग पाणी टाकीत. पाइपने थेट टाकीत पाणी सोडणार असाल तर औषध आधी टाकीत मिसळा आणि मात्रा पूर्ण १०० लिटरच्या हिशोबाने धरा. टाकीत ते पातळ होतं आणि नव्या पाण्याशी गाठ पडायच्या आत मासे त्या धारेत पोहतात.

थेंबथेंब: एक भर. थायोसल्फेट क्लोरामाइनमधला क्लोरीन संपवतो, अमोनिया मागे राहतो. १.५ क्लोरामाइनला साधारण ०.३ मिलीग्रॅम प्रति लिटर अमोनिया. ३० टक्के बदलात टाकीत तो ०.०९ च्या आसपास येतो, चालू फिल्टर काही तासांत खातो. पीएच ८ च्या वर असेल तर विषारी भाग वाढतो, तेव्हा अमोनियाही बांधणारं कंडिशनर घ्या. मात्र ते घातल्यावर अमोनिया मोजायचं सॅलिसिलेट किट बांधलेला अमोनियाही मोजतं, आकडा बघून घाबरू नका. दुसरं, नेसलर किट तर त्या औषधांमुळे फसतंच.

स्पंजफिल्टर: स्पंज कुठे धुता? नळाखाली धूत असाल तर पाणी बदलायच्या दिवशीच अमोनिया खाणारे बरेच जिवाणू मरतात, आणि मग तो ०.०९ सुद्धा साठत जातो. बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा. आणखी एक: ड्रमचं आणि टाकीचं तापमान थर्मामीटरने बघा, २ अंशांपेक्षा जास्त फरक नको. पाणी घातल्यावर काचेवर, पंखांवर बारीक बुडबुडे चिकटले तर तो वायू दाबाखालच्या गार पाण्यात विरघळलेला असतो. तासभर एअर स्टोन चालवून मगच घाला.

नवीटाकी: स्पंज नळाखालीच धुतो. आणि आत्ता मासे वर आलेले असतील तर?

हायपोवाला: पूर्ण १०० लिटरची मात्रा लगेच: १०० × १.५ × ७ = १०५० मिलीग्रॅम, १०५० ÷ १०० म्हणजे १०.५ मिली, वर आणखी ५ मिली. एअर पंप पूर्ण, दिवा बंद, दिवसभर खाणं नाही. त्या घाईत पुन्हा औषध न घातलेलं कच्चं पाणी टाकू नका.