मदत हवी आहे : सल्लागार कंपनीत गेल्यावर ‘ही मोजणी चालणार नाही’ असे म्हणता येते का?

नमस्कार. नागपुरातील एका सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या डेटा विभागात मी १८ वर्षे काम करत असून गेली ७ वर्षे विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आता एका खासगी सल्लागार कंपनीने वाहतूक डेटा प्रमुख म्हणून मला बोलावले आहे. पगाराबद्दल तक्रार नाही. नियुक्तीपत्राचा मसुदा पुढच्या आठवड्यात येईल. त्यावर सही करण्यापूर्वी संस्था आणि सल्लागार अशा दोन्हीकडे काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

सल्लागारांनी आणून दिलेली रस्त्यांवरील वाहनांची मोजणी तपासणे हेच आजवर माझे काम होते. शहरातील महाल भागाकडे जाणाऱ्या एका चौकातील सात दिवसांची वर्गीकृत (वाहनांच्या प्रकारांनुसार केलेली) मोजणी एकदा आमच्याकडे आली. बेरजा बरोबर होत्या, सरासरीही नीटनेटकी होती. पण एका दिवशी सकाळपासून पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळींत बसच्या रकान्यात सलग शून्ये दिसली. तारीख पाहिली तर तान्हा पोळा, म्हणजे मारबतीचा दिवस! मिरवणुकीच्या गर्दीत तिकडे बस कुठून येणार? हे चौकात उभ्या असलेल्या गणकाला ठाऊक असणारच, परंतु त्याला कोणी विचारले नाही आणि अहवाल लिहिणारा बाहेरगावचा होता. त्याच तक्त्यात ई-रिक्षा ऑटोच्या रकान्यात टाकल्या होत्या. १९९० च्या आयआरसी १०६ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या मार्गदर्शिकेत, ई-रिक्षाला पीसीयू गुणक (एक वाहन किती मोटारींइतके धरायचे तो आकडा) नाही हे मान्य, कारण तेव्हा ते वाहन आपल्या रस्त्यांवर नव्हतेच. तरीही मोजताना ती वेगळी नोंदवायला हवी, कारण गुणक पुढे बदलता येतो, मिसळलेली संख्या मात्र नंतर वेगळी काढता येत नाही. मी फेरमोजणी मागितली आणि ती झाली. खर्च सल्लागाराचा होता.

यापुढे तो खर्च माझ्याच कंपनीचा असेल. ठोक रकमेच्या कामात फेरमोजणी म्हणजे चौकाच्या प्रत्येक रस्त्यावर पुन्हा तीन पाळ्यांचे गणक आणि कॅमेरे, आणि तेही अहवालाची तारीख तोंडावर आलेली असताना. मुलाखतीत मी हा प्रश्न काढला तेव्हा "एवढं ताणून कसं चालेल, मॅडम" असे हसत उत्तर मिळाले. म्हणून विचारते : सदोष मोजणी अडवण्याचा अधिकार नियुक्तीपत्रात लिहून मागता येतो का, की तशी मागणी केल्यास नोकरीच हातची जाते?

आणखी एक शंका आहे. "मागच्या सर्वेक्षणांचे आकडे तुमच्याकडे असतीलच" असे त्यांच्यापैकी एक जण सहज बोलून गेले. मी एकही फाइल सोबत नेणार नाही, परंतु हे पहिल्याच दिवशी लेखी कळवावे का? शिवाय निविदेत तज्ज्ञांच्या सीव्हीला गुण असतात. मला काम करण्यासाठी घेत आहेत की केवळ सीव्हीसाठी, हे आधी ओळखावे कसे?

प्रतिसाद :

ताई, नियुक्तीपत्रात असा अधिकार सहसा कोणी लिहून देत नाही. तिथे हट्ट धरू नका. तो कामाच्या प्रारंभिक अहवालात (काम सुरू होताना ग्राहकाला द्यायच्या पहिल्या अहवालात) आणा. मोजणीच्या तारखा, वगळायचे दिवस (पोळा, मारबत, दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन), वाहनांचे रकाने आणि मोजणी कोणत्या कारणांनी बाद ठरेल, हे सारे त्यात लिहून ग्राहकाची मंजुरी घ्या. मग फेरमोजणीची वेळ क्वचित येते, आणि आलीच तर तुम्ही ताणताय असे कोणी म्हणत नाही. जुन्या आकड्यांबद्दल रुजू होतानाच दोन ओळींचा मेल करा. नंतर केलेल्या खुलाशावर कोणी विश्वास ठेवत नाही. सीव्हीचे म्हणाल तर रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही कोणत्या प्रकल्पांवर किती महिने असाल, हे आत्ताच विचारा. नेमके उत्तर मिळाले नाही तर काय ते समजा. आणि निविदेचे नाव न घातलेल्या सीव्हीवर सही करून देऊ नका. मी एकदा दिली होती, आणि माझे नाव कुठे कुठे गेले ते मला दोन वर्षांनी कळले.