जोडीदाराच्या भूतकाळातलं गुपित: निम्म्यात फोडावं की शेवटच्या पानापर्यंत राखावं?

तिसरी घंटा
नवरा-बायकोच्या थरारकथांची चाल आता पाठ झाली आहे. नवरा गोड, घर जुनं, एक खोली कुलूपबंद. ३०० पानांच्या कादंबरीत २९० व्या पानावर कळतं की त्याचं आधी एक लग्न झालं होतं. तोवर बायको नुसती दचकत असते. माझं मत: गुपित १५० ते १८० या पानांत फोडा. मग 'याने काय केलं होतं?' हा प्रश्न संपतो आणि 'हिला कळलंय हे याला कळलं तर?' हा सुरू होतो. दुसरा प्रश्न जास्त घाम फोडतो.

दाखला घरचाच घ्या, 'तो मी नव्हेच' (१९६२). लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे ही सगळी सोंगं एकटे पणशीकर करायचे. माणूस एकच आहे हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत होतं. अत्र्यांनी काहीच लपवलं नाही, तरी लोक जागचे हलत नसत. आता हा कसा निसटतो ते बघायचं असायचं.

पान २९८
असहमत. लखोबा कोर्टात उभा आहे. तिथे प्रेक्षक न्यायाधीशाच्या बाजूला बसून मजा बघतो. घरातल्या कथेत वाचक बायकोच्या डोक्यात राहतो. तिला जे ठाऊक नाही ते आपल्याला सांगितलंत की ती बावळट वाटायला लागते. असं वीसेक पानं खपतं, सव्वाशे नाही.

शेवटचा धक्का फसतो तो पेरणी नसते म्हणून, त्यात उशिराचा दोष नाही. खूण तीनदा यायला हवी. समजा, नाव घातलेलं स्टीलचं पातेलं आहे. पहिल्यांदा ३० व्या पानाच्या आसपास, मांडणीवरच्या सात-आठ भांड्यांच्या यादीत मधोमध. यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं निसटतं. दुसऱ्यांदा दूध उतू जात असताना, म्हणजे वाचकाचं लक्ष दुधावर. तिसऱ्यांदा नावाखालची तारीख. आणि प्रत्येक वेळी साधा खुलासा तयार हवा. आपल्याकडे आहेराची भांडी एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, त्यामुळे परकं नाव बघून कुणी बिचकत नाही. लेखकाला आणखी काय हवं?

कानस
पातेलं झकास. फक्त 'घासून घासून नाव पुसट झालं' असं लिहू नका, हमखास लिहितात. मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव तारेच्या घासणीने जात नाही, वर्षानुवर्षं नखाला लागतं. ते गेलं असेल तर कुणीतरी कानस किंवा पॉलिश पेपर चालवलाय, आणि तेवढ्या पट्ट्याची चकाकी वेगळी दिसते. देणाऱ्याचं नाव शाबूत, 'चि. सौ. कां.' शाबूत आणि पुढचं नाव खरवडलेलं. तारीख दाखवायची गरजच नाही.

तिसरी घंटा
@पान २९८, वाचकाला आधी सांगा असं मी म्हटलेलंच नाही. बायकोला आणि वाचकाला एकदमच कळू दे, पण मध्यावर. दाफ्ने द्यु मोरियेच्या 'रिबेका'त (१९३८) २७ प्रकरणं आहेत आणि पहिल्या बायकोला, रिबेकाला, मारल्याची नवऱ्याची कबुली विसाव्याच्या आसपास येते. उरलेल्या भागात ती निवेदिका भित्री राहत नाही, साथीदार होते. पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' (१९३८) तर पहिल्याच अंकात डिटेक्टिव्हच्या तोंडून नवऱ्याचा भूतकाळ सांगून टाकतं. तरी पुढे दिवा मंद झाला की पोटात गोळा येतो. वर माळ्यावर दुसरी बत्ती पेटली की खालच्या बत्तीचा गॅस कमी होतो, म्हणजे 'तो' घरात आलाय. कारण ठाऊक असल्यामुळेच ती बत्ती भिववते.

पान २९८
'रिबेका'चा दाखला तुमच्या बाजूने फार लांब जात नाही. कबुलीनंतरही द्यु मोरियेने एक पान झाकून ठेवलंय, रिबेकाची डॉक्टरकडची भेट. ती शेवटीच उघडते. म्हणजे दोन गुपितं झाली, छोटं मध्यावर आणि मोठं अखेरीस. (१९४० च्या चित्रपटात सेन्सॉरच्या नियमांमुळे खुनाचा अपघात केला, कारण बायकोला मारून नवरा मोकळा सुटलेला चालत नव्हता. कबुलीतली हवाच गेली.)

सरकारी स्टॅम्प
गुपित कधी फोडायचं हे ठरवण्याआधी ते कुठल्या जातीचं आहे ते ठरवा. कथा इथली आणि हिंदू विवाह कायद्यातली असेल तर दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लेखक सर्रास घोटाळा करतात.

पहिली बायको हयात आहे आणि घटस्फोट झालेला नाही: दुसरं लग्न मुळातच रद्दबातल (कलम ११). आधीचं लग्न लपवून केलं असेल तर शिक्षा १० वर्षांपर्यंत. पूर्वी भा.दं.वि. ४९५, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२(२).

घटस्फोट झालाय, फक्त सांगितलेला नाही: हे लग्न आपोआप रद्द होत नाही. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली म्हणून कलम १२ खाली अर्ज करावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. शिवाय कळल्यानंतर ती राजीखुशीने त्याच्यासोबत नांदली असेल तर अर्ज टिकत नाही.

आता बघा, थरारकथेतली बायको कळल्यावर काय करते? गप्प राहते, हसते, डबा भरून देते, पुरावा शोधते. यातला प्रत्येक दिवस समोरचा वकील 'राजीखुशी' म्हणून मांडणार. मध्यावर गुपित फोडलंत तर हे घड्याळ फुकट मिळतं. २९० व्या पानावर फोडलंत तर ते वापरायला पानंच उरत नाहीत.

'सात वर्षं बेपत्ता होती, म्हणून लग्न केलं' ही पळवाटही अर्धीच वापरतात. ती सवलत हवी असेल तर लग्नाआधी नव्या जोडीदाराला खरी परिस्थिती सांगितलेली असावी लागते. लपवणाऱ्याला ती मिळत नाही.

तिसरी घंटा
@सरकारी स्टॅम्प, +१. यापेक्षा चांगला मुद्दा मला सुचला नव्हता.

पान २९८
घड्याळ आवडलं, नाकारत नाही. पण ते चालवायला वाचकाला कलम १२ समजवावं लागेल, आणि वकिलाच्या ऑफिसातलं तीन पानी संभाषण म्हणजे थराराचं तेरावं. एका वाक्यात बसवा: 'कळल्यावर किती दिवस राहिलात त्या घरात?' बस्स.

आणि निवेदन प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी असेल तर तुमची मधली कबुली अडचणीत येते. 'मी पातेलं उचलते' असं सांगणारी बाई स्वतःच काही लपवत असेल, तर ते तिच्या मनात का येत नाही? डायरी, जबानी किंवा पत्र, काहीतरी निमित्त हवं. ऐकणारा कोण हे ठरलं की ती काय गाळते हे ठरतं.

कानस
मग जबानीच घ्या. कलम १२ च्या अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र. तिथे तिला तारीख लिहावीच लागेल, 'मला अमुक दिवशी कळलं'. ती खोटी असली तर?

पान २९८
तर ते २९८ व्या पानावर कळू दे.