घेरापेक्षा मनगटाची रुंदी मोजा
मनगटी घड्याळ निवडताना ‘मनगटाचा घेर १६ सेंमी, म्हणजे ४० मिमी व्यासाच्या वर जाऊ नका’ असा सल्ला देतात, तो मला अर्धवट वाटतो. घेर तोच असला तरी एकाचं मनगट चपटं असतं, दुसऱ्याचं गोल. चपट्यावर घड्याळाला टेकायला जागा जास्त. मनगटाच्या वरच्या बाजूची रुंदी पट्टीने मोजा आणि लग-टू-लगशी, म्हणजे पट्टा जोडायच्या टोकांपैकी (लग) वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या लांबीशी, ताडून बघा. सेइको कंपनीचं एसकेएक्स००७ हे घड्याळ व्यासाने ४२ मिमीहून मोठं, पण लग-टू-लग साधारण ४६च. म्हणून बारीक मनगटावरही छान बसतं. माझं मनगट गोल. सरळ लगचं, लग-टू-लग ५० मिमीचं घड्याळ घातलं की दोन्ही टोकांखाली फट दिसते आणि शर्टाची बाही हमखास तिथे अडकते. लग खाली वळलेले असतील तर थोडं जास्त मापही चालून जातं.