स्पार्कलिंग वाइन उघडताना अंगठा बुचावरून काढू नका

मंडळी, सप्रेम नमस्कार.

शनिवारी जेवणाआधी स्पार्कलिंग वाइनच्या, म्हणजे बुडबुडे येणाऱ्या वाइनच्या, आठ बाटल्या उघडायच्या आहेत आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. मी आजवर एकही उघडलेली नाही. समोर चाळीसेक माणसं असतील, मुलं टेबलाभोवतीच घुटमळतील. बूच उडवायचं नाही हे नक्की, पण न उडवता काढायचं कसं? आठ बाटल्या पुरतील ना? कुणाला सवय असेल तर कृपया सविस्तर लिहा.

– सांस्कृतिक समिती

---

अगं, बरं झालं विचारलंस. मी बरीच वर्षं मेजवान्यांमध्ये वाइन वाढण्याचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी थंड करण्याचं बघ. फ्रिजमध्ये किमान तीन तास, किंवा बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या बादलीत अर्धा तास. नुसता बर्फ घातलास तर वेळ जास्त लागतो, कारण तो बाटलीला सगळीकडून चिकटत नाही. घाई झाली म्हणून फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नकोस, वाइन गोठली तर बाटली फुटते. थंडाव्याचा संबंध चवीइतकाच सुरक्षेशी आहे. बाटली कोमट असली की वायू वाइनमधून बाहेर पडू बघतो आणि आतला दाब वाढतो. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. सुटलेलं बूच ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकतं. पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

एका लग्नात माझ्या शेजारच्या वाढप्याने बुचाला धरून ठेवणारी तार सोडवली, बाटली टेबलावर ठेवली आणि ग्लास घ्यायला वळला. बाटलीला कुणी हात लावला नव्हता, तरी बूच आपोआप सुटलं. समोरच्या बाईंच्या चष्म्याची काच तडकली. चष्मा नसता तर काय झालं असतं, ते आजही आठवतं. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: वरचा कागद निघाला की अंगठा बुचावर, आणि बूच हातात येईपर्यंत तो तिथून हलवायचा नाही. फोन वाजला, कुणी हाक मारली, तरीही नाही.

आता कृती. बाटली हलवू नकोस, कोरडी पुसून घे. कागद काढ. अंगठा बुचावर दाबून धरून तारेचा पीळ उलटा फिरव; बहुतेक बाटल्यांवर सहा अर्धे वेढे असतात. तार ढिली झाली तरी काढू नकोस, बुचावरच राहू दे, पकड चांगली मिळते. वरून जाड नॅपकिन टाक. बाटली साधारण ४५ अंशांत तिरकी धर, तोंड माणसांकडे नको, स्वतःकडे नको, दिव्याकडे किंवा काचेच्या खिडकीकडेही नको. मग बूच घट्ट धरून ठेव आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी धरून फिरव. बूच फिरवायला गेलीस तर ते तुटू शकतं. बूच वर येऊ लागलेलं हाताला कळतं. तेव्हा ओढू नकोस, उलट त्याला खाली रेटून धर आणि हळूहळू येऊ दे. 'फट्' ऐवजी 'फुस्स' असा आवाज आला की काम नीट झालं. मग दोन-तीन क्षण बाटली तिरकीच ठेव, फेस उतू येत नाही.

ओतताना ग्लास तिरपा धरून त्याच्या कडेवरून सोड, त्यामुळे बुडबुडे जास्त टिकतात. आधी सगळ्यांना बोटभर ओत, फेस बसला की परत फिरून भर. ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात, तेव्हा आठ बाटल्यांत अठ्ठेचाळीस. पुरेल.

– काका

---

काका, मनापासून आभार. एवढंच विचारायचं होतं, बूच हललंच नाही तर? घरी ओपनर आहे, तो वापरू का?

---

अजिबात नको! स्क्रू बुचात घुसवताना तू बुचाच्या आणि बाटलीच्या नेमकी समोर असतेस, आणि दाबाखालचं बूच केव्हा सुटेल ते सांगता येत नाही. न हलणाऱ्या बुचाला कोरडा खरखरीत नॅपकिन गुंडाळ, बाटली थोडी थोडी दोन्ही बाजूंना फिरव. मिनिटभरात आलं नाही तर ती बाटली बाजूला ठेव, पण तार पुन्हा घट्ट आवळूनच. आणि तलवारीने बाटलीची मान उडवण्याचा हट्ट कुणी धरला तर सरळ नाही म्हण.

एवढं करूनही कुणाच्या डोळ्याला लागलंच तर डोळा चोळू देऊ नकोस, दाबू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने. दिसतंय, दुखत नाही, असं म्हणाले तरी ने.

उरलेल्या वाइनच्या बाटलीच्या तोंडात चमचा ठेवला की बुडबुडे टिकतात असं कुणीतरी सांगेलच. त्याचा उपयोग होत नाही. स्पार्कलिंगसाठीचं घट्ट झाकण आण आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेव.

शनिवारी मी अर्धा तास आधी येतो, पहिली बाटली दोघं मिळून उघडू.

– काका